शेरूचे पाणी : वृद्ध श्वानाचा मूत्रपिंडविकार आणि आपण

बँकेच्या सेवेतून निवृत्त झाल्यावर बोईसरला लागून असलेल्या सरावलीत आम्ही कायमचे राहावयास आलो, तेव्हा आमचा लॅब्रॅडॉर जातीचा शेरू चार वर्षांचा होता. पुढील सात वर्षे त्याने आम्हांला तक्रारीला जागा ठेवली नाही. अकराव्या वर्षी, ऐन एप्रिलच्या उकाड्यात, तो फार पाणी पिऊ लागला आणि रात्री-अपरात्री घरातच लघवी करू लागला. पहाटे उठून फरशी पुसण्याचे काम सौभाग्यवतींच्या वाट्याला येई. आमच्या घरी चौविहार पाळला जातो. सूर्यास्तानंतर घरातील कोणी अन्नपाणी घेत नाही, मग शेरूलाही ही शिस्त लागली तर काय बिघडेल, असा विचार करून मी संध्याकाळी त्याचे पाण्याचे पातेले उचलून ठेवण्याचा हुकूम दिला. फरशी कोरडी राहू लागली आणि आपला उपाय लागू पडला, याचे मला समाधानही वाटले.

चौथ्या रात्री न्हाणीघरातून आवाज आला म्हणून उठलो. शेरू ओल्या लाद्या चाटत होता. सकाळी त्याने दोनदा उलटी केली आणि दुपारचे जेवण हुंगून सोडून दिले. पशुवैद्यांनी त्याच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती पटकन जागेवर बसली नाही. त्यांनी सगळी हकिकत ऐकून घेतली आणि एवढेच म्हणाले, "काका, पाणी बंद केलंत? अहो, त्याच्या मूत्रपिंडांना आता त्या पाण्याचाच आधार आहे."

त्यानंतर शेरू आणखी एक वर्ष सात महिने जगला आणि त्यातील बहुतेक काळ सुखाने जगला. त्या काळात जे शिकलो, ते वाचकांपुढे मांडावे म्हणून हा लेख. आपल्या व्यापारी कुटुंबांत, दुकानाच्या ओट्यावर वा गोदामाच्या दारात, एखादा तरी म्हातारा श्वान असतोच. माझ्या हातून झालेली चूक आपल्या हातून होऊ नये, ही इच्छा.

राखीव निधी आणि उशिरा कळणारा तोटा

श्वानाच्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे चार लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. रक्तातील टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकणे, उपयुक्त पाणी व क्षार परत शरीरात घेणे, रक्तदाब सांभाळणे आणि रक्तातील तांबड्या पेशी तयार होण्यासाठी आवश्यक असलेले संप्रेरक स्रवणे ही मूत्रपिंडांची कामे. वय, जंतुसंसर्ग, विषारी पदार्थ किंवा अन्य कारणांनी नष्ट झालेला नेफ्रॉन पुन्हा निर्माण होत नाही. उरलेले नेफ्रॉन त्याचे काम अंगावर घेतात आणि अधिक भारामुळे कालांतराने तेही थकतात.

व्यापाऱ्यांना ही स्थिती चटकन कळेल. धंदा आतून खचत असतो, पण मालक राखीव निधीतून देणी भागवीत असतो, म्हणून बाहेरून पेढी व्यवस्थित दिसते. मूत्रपिंडाचा राखीव निधी फार मोठा आहे. सुमारे दोन तृतीयांश क्षमता गेल्यावर लघवी घट्ट करण्याची शक्ती कमी होते. लघवी पाण्यासारखी आणि भरपूर होऊ लागते, आणि ती तूट भरून काढण्यासाठी प्राणी अधिक पाणी पितो. रक्तातील क्रिएटिनिन तर सामान्यतः तीन चतुर्थांश क्षमता गेल्यानंतरच मर्यादेबाहेर जाते. म्हणजे शेरू आधी फार पाणी पीत होता आणि म्हणून फार लघवी करीत होता, ही माझी समजूत उलटी होती. लघवी थांबत नव्हती, म्हणून तो पाणी पीत होता. मी त्याचे पातेले उचलले, तेव्हा शरीरातून होणारा खर्च तसाच चालू राहिला आणि जमा तेवढी बंद पडली.

कोणत्या खुणांकडे पाहावे?

निरोगी श्वान दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी पितो. हे प्रमाण १०० मिलिलिटरच्या वर जाऊ लागले, तर तपासणी आवश्यक समजावी. शेरूचे वजन २८ किलो होते. एक लिटरच्या मापाने पातेले भरून आम्ही दिवसभराचा हिशेब ठेवला, तेव्हा तो सुमारे ३.४ लिटर पाणी पीत असल्याचे दिसले. हे मोजमाप घरच्या घरी, एक पैसाही खर्च न करता होते. मी ते एक महिना आधी केले असते, तर बरे झाले असते.

वजन हळूहळू घटणे, भूक मंदावणे, तोंडाला उग्र दर्प येणे, केस निस्तेज होणे आणि सकाळी उलट्या होणे या पुढच्या खुणा होत. अतितहान मधुमेहातही लागते. शस्त्रक्रिया न झालेल्या मादीमध्ये गर्भाशयात पू झाल्यासही लागते. म्हणून घरी निदान न करता तपासणी करावी.

तपासणीत रक्तातील क्रिएटिनिन, युरिया, फॉस्फरस व पोटॅशियम, लघवीची घनता, लघवीतून जाणाऱ्या प्रथिनांचे प्रमाण आणि रक्तदाब या गोष्टी पाहतात. एसडीएमए नावाची आणखी एक रक्तचाचणी आहे. ती क्रिएटिनिनच्या आधी धोक्याची सूचना देऊ शकते. श्वानाचा रक्तदाब पुढच्या पायाला किंवा शेपटीला लहान पट्टा बांधून मोजतात, हे मी प्रथमच पाहिले.

आयरिस या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने या विकाराचे चार टप्पे ठरविले आहेत. क्रिएटिनिन १.४ ते २.८ मिलिग्रॅम असेल तर दुसरा टप्पा, २.९ ते ५ असेल तर तिसरा आणि त्यापुढे चौथा. मात्र शरीरातील पाण्याची तूट भरून निघाल्यावर जे क्रिएटिनिन येते, तेच टप्पा ठरविण्यासाठी धरतात. शेरूचा पहिला आकडा ३.९ होता, तीन दिवस सलाईन दिल्यावर तो २.६ झाला. मधला फरक बहुतांशी माझ्या शिस्तीचा होता.

अन्नपाननिरोध

त्या काळात स्वाध्यायाच्या वेळी एक शब्द माझ्यासमोर आला आणि मी थांबलो. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण लहानपणापासून पाठ म्हणत आलो आहोत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. आश्रित प्राण्याचे अन्नपाणी अडविणे हा अतिचार होय, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. परंतु तो अतिचार एखाद्या निर्दय गाडीवानाचा, अशी माझी कल्पना होती. व्रत पाळण्याच्या भावनेने आपल्याच घरात तो घडेल, असे मनात आले नव्हते. चौविहार हा माणसाने स्वेच्छेने केलेला त्याग आहे. मुक्या जिवावर तो लादला की त्याला त्याग म्हणता येत नाही.

त्या दिवसापासून घरात तीन ठिकाणी पाण्याची पातेली राहिली आणि रात्रीही ती भरलेली असत. आम्ही पितो तेच गाळून उकळलेले व थंड केलेले पाणी त्याला मिळे. फरशीचा प्रश्न वेगळ्या मार्गाने सुटला. रात्री अकरा वाजता आणि पहाटे साडेचारला मी त्याला अंगणात नेऊ लागलो. दाराजवळ जुनी चादर अंथरली. पहाटे मी सामायिकासाठी उठतच होतो. दहा मिनिटे आधी उठावे लागले, एवढाच काय तो त्रास.

शाकाहारी घरातील आहाराचा पेच

या विकारात औषधांइतकेच, किंबहुना काही बाबतींत अधिक, महत्त्व आहाराला आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी २००२ साली ३८ श्वानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मूत्रपिंडविकारासाठी खास तयार केलेले अन्न खाणाऱ्या श्वानांत रक्तात विषद्रव्ये साचून होणारे गंभीर झटके पुष्कळ कमी आढळले आणि ते अधिक काळ जगले. अशा अन्नात फॉस्फरस व मीठ कमी, प्रथिने बेताची पण चांगल्या प्रतीची आणि ओमेगा-३ स्निग्धाम्ले अधिक असतात.

येथे आपल्या घरांत दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली अशी की, आपण लाडाने श्वानाला जे देतो, तेच नेमके वर्ज्य ठरते. दूध, पनीर, डाळी, मोड आलेली कडधान्ये यांत फॉस्फरस बराच असतो; पापड, गाठिया, फरसाण यांत मीठ. शेरूला सकाळी दूधपोळी, दुपारी वरणभात आणि संध्याकाळी दुकानातून आलेल्या पुडीतला गाठिया मिळत असे. अकरा वर्षे आम्ही हे प्रेमानेच दिले होते.

दुसरी अडचण अशी की, बाजारात मिळणाऱ्या तयार वैद्यकीय अन्नात सामान्यतः मांस, मासे किंवा अंडे असते. घरी शिजविण्याच्या पाककृतींतही अंड्याचा पांढरा भाग असतो, कारण त्यात उत्तम प्रथिने आणि अत्यल्प फॉस्फरस असतो. आमच्या घरात हे चालणारे नव्हते. पशुवैद्यांना आम्ही ते आडपडदा न ठेवता सांगितले आणि त्यांनीही आम्हांला तितक्याच स्पष्टपणे सांगितले की, श्वान मिश्राहारी असल्याने त्याला शाकाहारावर ठेवणे शक्य आहे, पण नुसत्या तूपभातावर ठेवणे ही उपासमार आहे. मांजराच्या बाबतीत हेही शक्य नाही. ते निसर्गतः मांसाहारी आहे, हे मांजर पाळणाऱ्यांनी ध्यानी ठेवावे.

त्यांनी मुंबईतील पशुआहारतज्ज्ञाकडून शेरूच्या वजनाप्रमाणे तक्ता करून आणला. भात, दुधी भोपळा, तूप व तेल, तोलून दिलेले थोडे पनीर आणि त्यात जीवनसत्त्वे, कॅल्शियम व अमिनो आम्लांची पूड, असे त्याचे स्वरूप होते. ओमेगा-३ साठी माशाच्या तेलाऐवजी शेवाळापासून काढलेले तेल मिळते, ते आम्ही घेतले. जवसाच्या तेलातील ओमेगा-३ चे उपयुक्त रूपांतर श्वानाचे शरीर फार थोडेच करू शकते. हा तक्ता शेरूपुरता होता, म्हणून त्याचे आकडे येथे देत नाही. दुसऱ्या श्वानाला ते अपायकारक ठरू शकतील. ज्यांना अंडे किंवा तयार अन्न चालते, त्यांचे काम अधिक सोपे आहे.

नवे अन्न एकदम सुरू करू नये. दोन-तीन आठवड्यांत जुन्यात हळूहळू मिसळावे. मळमळत असताना ते समोर ठेवले, तर प्राणी त्या अन्नाचाच तिटकारा धरतो. फॉस्फरस शोषून घेणारे औषध पशुवैद्यांनी दिले, तर ते अन्नातच मिसळून द्यावे. रिकाम्या पोटी दिल्यास त्याचा हेतू साधत नाही.

औषधे, सलाईन आणि वही

शेरूच्या लघवीतून प्रथिने जात होती आणि रक्तदाब १७० होता. श्वानांत १६० च्या वरचा दाब डोळे, मेंदू व मूत्रपिंड यांना घातक मानतात. त्यासाठी रोजच्या दोन गोळ्या सुरू झाल्या. मळमळीसाठी वेगळे औषध होते. दहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा कातडीखाली सलाईन देण्याची वेळ आली. ते घरी देता येते, हे ऐकून मी घाबरलो होतो. पशुवैद्यांनी दोन वेळा समोर बसवून शिकविले. बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाइतकी उबदार करावी, खांद्यामागची सैल कातडी उचलून सुई टोचावी, प्रमाण सांगितले तेवढेच द्यावे. कातडीखाली फुगा दिसतो. तो काही तासांत ओसरतो. हृदयविकार असलेल्या श्वानाला हे पाणी सोसत नाही, म्हणून सल्ल्याविना कोणीही हे करू नये.

बँकेतील सवयीने मी एक वही घातली. तारीख, प्यालेले पाणी, खाल्लेले अन्न, उलटी, लघवी, औषध असे रकाने पाडले. दर रविवारी भाच्याच्या किराणा दुकानातील मोठ्या वजनकाट्यावर शेरूला उभे करीत असू; गिऱ्हाइकांना त्याची गंमत वाटे. दर तीन महिन्यांच्या रक्ततपासणीत जे दिसे, त्याची चाहूल या वहीत दोन आठवडे आधी लागे. एकदा सलग तीन रविवार वजन घटल्याचे पाहून आम्ही वेळेआधी गेलो आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग लवकर सापडला.

ज्या गोष्टी करू नयेत, त्यांतील सर्वांत महत्त्वाची म्हणजे माणसांची वेदनाशामके. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी गोळी लंगडणाऱ्या श्वानाला सहज दिली जाते आणि ती मूत्रपिंडांवर घाला घालते. याच डायक्लोफिनॅकने आपल्या देशातील गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली. हे औषध दिलेल्या गुरांचे मृतदेह त्यांनी खाल्ले होते. त्यामुळे २००६ साली जनावरांसाठी त्याच्या उत्पादनावर बंदी घालण्यात आली. द्राक्षे, मनुका, बेदाणे हेही श्वानांच्या मूत्रपिंडांना विषासमान ठरू शकतात. प्रसादातला मनुका मुलांच्या हातून सहज दिला जातो, म्हणून मुद्दाम लिहितो.

गोदाम आणि पावसाळा

आपल्या पालघर जिल्ह्याच्या किनारपट्टीवर पावसाळ्यात पाणी साचते आणि धान्याच्या गोदामांत उंदीर असतात. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस श्वानांची मूत्रपिंडे काही दिवसांत निकामी करू शकतो आणि माणसांनाही होतो. त्याची लस दरवर्षी, शक्यतो पावसाळ्यापूर्वी, द्यावी. आजारी श्वानाची लघवी हातमोजे घालूनच साफ करावी. गोचिडांमुळे होणारे तापही मूत्रपिंडांना इजा करतात, म्हणून गोचिडांचा बंदोबस्त ठेवावा.

अशा अचानक आलेल्या विकारात काही श्वानांना डायलिसिस उपयोगी पडते. चेन्नईच्या मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालयात तशी सोय आहे. आपल्याला जवळची मोठी ठिकाणे मुंबईतच : परळ येथील १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय व त्याच परिसरातील बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय, तसेच २०२४ च्या जुलैमध्ये महालक्ष्मी येथे सुरू झालेले टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय. बोईसरहून चिल्हार फाट्यामार्गे महामार्गाने गाडीतून जावे लागते, आणि वाटेत पाणी पाजावे लागते. तथापि जुनाट विकाराची रोजची देखभाल गावातल्या पशुवैद्यांच्या मार्गदर्शनाखाली घरीच होते.

देणगी आणि देखभाल

श्वानांसाठी उभे राहण्याची आपली परंपरा जुनी आहे. १८३२ साली मुंबईत भटक्या कुत्र्यांना मारण्याची सरकारी मोहीम निघाली, तेव्हा पारशी समाजाने प्रखर विरोध केला आणि हिंदू व जैन व्यापाऱ्यांनीही त्याला साथ दिली. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जिजीभॉय आणि आपले मोतीशाह शेठ यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. तिचा अभिमान आपण बाळगतो.

परंतु शेरूच्या आजारात एका परिचितांनी मला सुचविले की, "कशाला त्रास घेता? एखाद्या संस्थेत सोडा, वर चांगली देणगी द्या." त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण ज्या श्वानाला दिवसातून चारदा पाणी, दोनदा औषध आणि तोलून दिलेले अन्न लागते, त्याला शेकडो प्राण्यांच्या गर्दीत हे कोण देणार? पांजरापोळ ही ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठी आहे. अन्नपाण्यावाचून हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही अपराध आहे.

अखेरचे दिवस

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीनंतर शेरूचे क्रिएटिनिन ६.८ वर गेले. त्याने अन्न सोडले. घरातील एका वडीलधाऱ्या आत्यांनी हात जोडून म्हटले, "पुण्यवान जीव! त्याने संथारा घेतला." त्यांची श्रद्धा मी जाणतो, पण मला नम्रपणे सांगावे लागले की, संलेखना हे विवेकाने, समजून-उमजून घेतलेले व्रत आहे. शेरूने अन्न सोडले ते मळमळीमुळे आणि तोंडातील व्रणांमुळे. व्रत समजून आपण स्वस्थ बसलो, तर उपचार होऊ शकणारे दुःख त्याला सोसावे लागेल. मळमळीचे इंजेक्शन दिल्यावर त्याच संध्याकाळी त्याने चार घास खाल्ले. आत्यांनीच ते भरविले.

पशुवैद्यांनी दयामरणाचा पर्यायही समजावून सांगितला. आम्ही तो स्वीकारला नाही. वेदना, मळमळ व तहान यांवर शेवटपर्यंत उपचार चालू ठेवण्याचे ठरविले, आणि सुदैवाने ते उपचार पुरेसे पडले. ते पुरे पडले नसते, तर आमचा निर्णय इतका सोपा राहिला नसता, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. ज्या कुटुंबांनी असह्य यातनांपुढे दुसरा निर्णय घेतला, त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. दयामरण नको आणि उपचारही नको, मात्र नाव अहिंसेचे, ही एकच भूमिका मला मान्य होण्यासारखी नाही.

कार्तिकातील एका पहाटे साडेचारला मी नेहमीप्रमाणे उठलो, तेव्हा शेरू उठला नाही. रात्री अकराला त्याने थोडे पाणी प्यायले होते. वहीत त्या दिवशीच्या पाण्याच्या रकान्यात ३०० मिलिलिटर अशी नोंद आहे, ती शेवटची.

वाचकहो, आपल्या घरी सात-आठ वर्षांपुढचा श्वान असेल, तर या आठवड्यात एक दिवस त्याचे पाणी मोजा, त्याला काट्यावर उभे करा आणि वर्षातून एकदा रक्त व लघवी तपासून घ्या. तो अधिक पाणी पीत असेल, तर रागावू नका आणि पातेले उचलू नका. ते भरून ठेवा, आणि सकाळी त्याला पशुवैद्यांकडे घेऊन जा.